तुकड्यात काढलेल्या कुर्ल्या

चार वर्षांपूर्वी मी एक मूर्खपणा केला. माझ्या नातीची चार उत्तम कार्डं मी बिनकामाची ठरवली आणि भरल्या दुकानात, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या बाईला फुकट देऊन टाकली. वर हसले. साधंसुधं नव्हे, मान मागे टाकून, दाताची कवळी सैल होईपर्यंत हसले.

हे आज सांगायचं कारण असं की परवा माझा फोन भरला. फोटो उघडेनात, मेसेज येईनात. लेक म्हणाली, "आई, जुने ऑडिओ काढून टाक, त्यांनीच जागा खाल्लीय." मी पडवीत बसून एकेक काढायला घेतले, तर सापडलं काय, 'आजीचा अंदाज'. माझ्याच आवाजात, एकूण अकरा. पहिला लावला आणि अर्ध्यावर बंद केला. अनवाणी चालताना काजूच्या सडक्या बोंडूवर पाय पडावा, बोटांच्या बेचक्यांतून तो थंड चिकट गर वर यावा, तसं झालं. ही बाई कोण? एवढं रेकत काय बोलतेय? आणि बोलता बोलता चहाचा घुटका घेऊन मिटक्या का मारतेय?

ती मीच. सहासष्ट वर्षांची. आता मी सत्तरीची आहे. शहाणी झाले असा दावा नाही, पण गुडघे गेल्यामुळे चढून बसण्याच्या जागा कमी झाल्यात. त्या सहासष्ट वर्षांच्या पोरीला मात्र कुठेही चढायला लागत होतं.

आता हा कार्डांचा खेळ म्हणजे काय, ते सांगते. आपले बावन्न पत्ते नव्हेत. हे परदेशी कंपनीचे पत्ते, पाकिटातून येतात. एका पाकिटात दहा. आत काय निघेल ते फाडल्याशिवाय कळत नाही. ज्याने त्याने आपल्याकडच्या पत्त्यांतून चाळीसची गड्डी बांधायची आणि समोरच्याशी लढायचं. दोघांकडे वीस वीस गुण, ज्याचे आधी संपले तो हरला. पहिल्या फेरीला तुमच्याकडे एक शक्ती, दुसऱ्या फेरीला दोन, तिसऱ्याला तीन, अशी ती वाढत जाते आणि तेवढ्याच मोलाचे पत्ते टाकता येतात. बाकी नियम पत्त्यावर छापलेले. इथवर सोपं. मेख अशी की कंपनी दर चार महिन्यांनी नवा संच काढते. नवे दीड-दोनशे पत्ते बाजारात येतात आणि कालपर्यंत जिंकणारी गड्डी एका आठवड्यात कोणी हुंगत नाही. म्हणून नवा संच आला की सगळ्यांना एकच प्रश्न: आता काय चालणार, काय पडणार? पोरं त्याला 'मेटा' म्हणतात. मी त्याला बाजार म्हणते.

नात तेव्हा सोळाची. तिला सराव करायला घरात कोणी नव्हतं. तिची आई कोर्टात कारकून, बाप मुंबईला नोकरीला, उरले मी. मला इंग्रजी येतं ते काजूच्या खोक्यावरचा शिक्का वाचण्यापुरतं. म्हणून पोरगी प्रत्येक पत्त्याचा अर्थ पेन्सिलीने मराठीत चिठ्ठीवर लिहायची आणि पत्त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत मागून सरकवायची. पत्त्यांची नावंही आम्ही आमची ठेवली होती. कुर्ली म्हणजे खेकडा, शिवाय ओहोटी, भिंत, चकवा. दुपारी जेवणं झाली की ओटीवर चटई टाकून आम्ही दोघी बसायचो. मजा यायची, खोटं का बोलू.

त्याआधीच्या दोन संचांचे माझे अंदाज बरोबर आले होते. पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, हे झटपट मारणारे पत्ते महिनाभर नाचतील आणि झोपतील. तसंच झालं. दुसऱ्या वेळी म्हटलं, आता हळू खेळणाऱ्यांचे दिवस, भिंती बांधून बसा. तेही खरं ठरलं. आता त्यामागे काय होतं ते सांगते. दोन्ही वेळा आम्ही दोघींनी पंधरा-पंधरा दिवस रोज खेळून पाहिलं होतं. हरून, चिडून, पत्ते आपटून मग कुठे तोंड उघडलं होतं. पण लोकांना दिसलं काय? म्हातारी बोलते आणि खरं होतं. लोकांचं सोडा, म्हातारीलाही तेवढंच दिसलं.

एसटी स्टँडजवळच्या गल्लीत एक स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत चार टेबलं टाकून हा खेळ चालतो. त्या दुकानदाराने माझा आवाज खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि त्याला नाव दिलं 'आजीचा अंदाज'. झालं. मी दुकानात गेले की खुर्ची रिकामी व्हायची. चांगले बापे, बँकेतले, कॉलेजातले, "आजी, हे ठेवू की काढू?" म्हणून पत्ते पुढे धरायचे. त्या खोलीत एक खिडकी, तीही वर्तमानपत्रांनी बुजवलेली. घाम, प्लास्टिक आणि समोशाचं तेल यांचा एक वास तिथे कायम मुरलेला. जमिनीवर फाडलेल्या चकचकीत पाकिटांचा खच. चाळिशीतला माणूस चमकदार पत्ता निघाला म्हणून त्याचा मुका घेतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. आज तिथे नाकाला पदर लावीन. तेव्हा मला त्या वासात उदबत्ती लावल्यासारखं वाटत होतं, कारण मधोमध मी बसलेली असायची.

माझी आयुष्यभराची नोकरी लांज्याला काजूच्या कारखान्यात झाली. निवडणीला होते. समोर परात, परातीत सोललेले काजूगर, आणि हाताखाली तीन पाट्या. अख्खा, पाकळी, तुकडा. अख्खा म्हणजे न फुटलेला गर, पाकळी म्हणजे उभा दुभंगलेला, बाकी सगळा तुकडा. एक नजर, एक बोट, गर पाटीत. विचार करायचा नाही, विचार केला की हात अडतो. बाविसाव्या वर्षी माझ्याइतका जलद हात कारखान्यात कोणाचा नव्हता आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ती बाविशीतली तर आणखीच चढेल. जेवायच्या सुट्टीत बायका डबा उघडायच्या आणि ही बया त्यांच्या नवऱ्यांची प्रत लावायची. याचा नवरा पाकळी, तिचा तुकडा. बायका खदखदायच्या आणि हिला वाटायचं आपण फार हुशार. पुढे स्वतःच्या जावयाला तिने पहिल्या भेटीत पाकळी ठरवला. तो बिचारा अजून दर शनिवारी मुंबईहून येताना माझ्या गुडघ्यांचं औषध आणतो.

तर ती सवय. डोळ्याने बघायचं आणि पाटीत टाकायचं.

त्या वर्षी मे महिन्यात नवा संच येणार होता आणि महिनाअखेर दुकानात स्पर्धा होती. जिंकेल त्या एकाला पुण्याच्या राज्यस्पर्धेत जागा. रत्नागिरीला एकच जागा. नातीचं सगळं त्या एका जागेवर अडकलेलं, कारण दहावी झाली होती आणि तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "मे अखेरपर्यंत काय खेळायचं ते खेळ. जूनपासून अकरावी सायन्स, क्लास. ही पत्त्यांची पिशवी माळ्यावर जाणार, परत मागायची नाही." पोरीने मान हलवली होती. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली होती, "आजी, एकदा पुण्याला खेळू दे फक्त. एकदाच. मग मी स्वतः पिशवी माळ्यावर ठेवीन."

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाकिटं आली. मी खिरीसाठी काजू निवडत होते, ते अर्धवट टाकून नातीबरोबर दुकानात गेले. तिने दोन वर्षं साठवलेल्या खाऊच्या पैशांतून पाकिटं घेतली. फाडून सगळे पत्ते टेबलावर मांडले आणि भराभर चिठ्ठ्या लिहून मागे सरकवायला लागली. मला दम कुठला? भोवती पंधरा-वीस माणसं उभी. दुकानदाराने फोन तोंडासमोर धरलेला. "बोला आजी, सुरू करा."

आणि त्या सहासष्ट वर्षांच्या पोरीने काय करावं? टेबलाच्या तीन कोपऱ्यांना हात लावून म्हणाली, "हा अख्खा, ही पाकळी, हा तुकडा. चला, आणा परात."

खोली हसली. झालं, मला एवढंच पुरे होतं.

एकेक पत्ता उचलायचा, चिठ्ठी वाचायची, टाकायचा. हत्ती निघाला. सोनेरी कडेचा, सात शक्तीचा, टेबलावर आला की पुढच्या फेरीला डाव संपवणारा. "अख्खा! डोळे मिटून घ्या." त्याला भिंतींची जोड दिली की काम फत्ते. सहा फेऱ्या भिंतींआड बसायचं, सातव्या फेरीला हत्ती काढायचा. मी हे ग्रुपवर ठणकावून सांगितलं. मग बारीकसारीक पत्ते निघाले आणि त्यात कुर्ली.

कुर्लीच्या चिठ्ठीवर नातीने लिहिलं होतं, "एक शक्तीची. मारायची ताकद शून्य. मेली की मालकाच्या हातात परत येते." बघा, मारायची ताकद शून्य. मी वाचलं आणि बोटाने उडवली. अशा एकूण चार कुर्ल्या निघाल्या, चारही तुकड्यात गेल्या.

नात माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने तुकड्यातली एक कुर्ली परत उचलली. मग आपल्या पिशवीतून एक जुना पत्ता काढला, ओहोटी. दोन शक्तीचा हा पत्ता दोन वर्षांपासून पडून होता. तो एकदा टाकला की टेबलावरच राहतो, आणि आपलाच एखादा प्राणी बळी दिला की समोरच्याचे दोन गुण जातात. आपलेच प्राणी कोण मारत बसणार? म्हणून कोणी ओहोटी खेळत नव्हतं. आमच्या घरी तिचा उपयोग टेबलाचा पाय डुगडुगतो त्याखाली घालायला व्हायचा. पोरीने दोन्ही पत्ते एकमेकांशेजारी ठेवले.

"आजी, हे दोन एकत्र बघ ना जरा."

मी बघितलं. म्हणजे माझे डोळे तिकडे गेले. ओहोटीच्या एका कोपऱ्याला टेबलाच्या पायाचा डाग होता तेवढा दिसला.

"अगो," मी फोनकडे तोंड करून म्हणाले, "दोन तुकडे जोडून अख्खा गर होत नाय! लांज्याला येऊन विचार कुणालाही."

आणि हसले. ते सुरुवातीला सांगितलेलं हसू ते हेच. खोलीभर हशा पिकला. दुकानदाराने टेबलावर थाप मारली. नातीनेही हसून ओहोटी पिशवीत ठेवली आणि कुर्ली तुकड्यात.

हे सगळं त्या ऑडिओत आहे. परवा पडवीत ऐकलं तेव्हा माझं हसू पहिलं येतं, मग बाप्यांचं, आणि सगळ्यात शेवटी, अगदी बारीक, पोरीचं.

गर्दीच्या मागे एक बाई उभी होती. लांज्याची, एसटीत कंडक्टर, तिशी-बत्तिशीची. सुट्टीच्या दिवशी यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून खेळायची, हरली तरी थँक्यू म्हणून जायची. फार पाकिटं घेणं तिला जमत नसे, बाकीच्यांनी टाकलेल्या पत्त्यांतून ती गड्डी बांधायची. ती पुढे आली.

"आजी, तुकड्यातल्या कुर्ल्या टाकणार आहात?"

"टाकणार कशाला? घेऊन जा की."

"चारही?"

"चारही ने. घरी कालवण कर."

पुन्हा हशा. ती हसली नाही. नातीकडे वळून म्हणाली, "तुझ्या ना गो या? तुला नकोत ना नक्की?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, आजी म्हणवणारी बाई, तिच्या वतीने हात झटकून मोकळी झाले. "तिला काय करायच्यात? तिला हत्ती आहेत."

पुढचे अठरा दिवस आम्ही भिंती आणि हत्ती खेळलो. पहिल्या आठवड्यात पोरगी एकदा म्हणाली, "आजी, एकदा कुर्लीवाल्या गड्डीशी खेळून बघूया का? कागदाच्या कुर्ल्या कापते मी." मी म्हटलं, "वेळ कशाला फुकट घालवतेस? हत्ती लवकर कसा आणायचा ते बघ." तिने पुन्हा विषय काढला नाही. ती तशीच आहे. एकदा विचारते. कागद होता, कात्री होती, चटई टाकलेली होती. एक दुपार गेली असती.

स्पर्धेच्या दिवशी दुकानात बघावं तिकडे भिंती आणि हत्ती. सगळ्या रत्नागिरीने आजीचा अंदाज ऐकून गड्ड्या बांधलेल्या. दोन्हीकडे भिंती, कोणी कोणाला मारू शकत नाही, सातव्या फेरीपर्यंत दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलेत. असले कंटाळवाणे डाव मी जन्मात पाहिले नाहीत, पण तेव्हा मात्र छाती फुगवून टेबलांमधून फिरत होते. बाजार मीच घडवलाय, अशी मान. नात चांगली खेळली. दोन्हीकडे सारखीच भिंत-हत्तीची गड्डी असली की तिच्याइतकं धीराने कोणी खेळत नव्हतं. दुपारी चारला ती शेवटच्या डावाला बसली. समोर कोण? लांज्याची कंडक्टर.

तीनांत दोन जिंकायचे होते.

पहिल्या डावाला बाईने दुसऱ्या फेरीला ओहोटी टाकली. दुकानदार माझ्या कानाशी हसला, "आजी, ही तुमचं कालवण घेऊन आली वाटतं." तिसऱ्या फेरीला तिच्याकडे तीन शक्ती. एक शक्ती देऊन तिने कुर्ली टाकली, बळी दिली, पोरीचे दोन गुण गेले. कुर्ली मेली म्हणून हातात परत आली. तीच कुर्ली पुन्हा टाकली, पुन्हा बळी. तिसऱ्यांदा टाकली, बळी. सहा गुण गेले. एका कुर्लीवर! चौथ्या फेरीला चार वेळा, आठ गुण. पोरीच्या भिंती टेबलावर नुसत्या उभ्या. भिंत अडवते ती अंगावर येणाऱ्याला. कुर्ली अंगावर येतच नव्हती, ती बाईच्या हातातून टेबलावर आणि टेबलावरून हातात, एवढीच ये-जा करत होती. पाचव्या फेरीला पोरगी संपली. तिच्या हातात दोन हत्ती होते.

मला अजून कळलं नव्हतं. खरं सांगते, माझी नजर ओहोटीवर होती, मग कुर्लीवर जायची, मग परत ओहोटीवर. एकेक. दोन्ही एकदम बघायचं माझ्या डोळ्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. परातीतला गर शेजारच्या गरामुळे कधी सुधारत नाही. तो असतो तसाच असतो. पत्ता शेजारच्या पत्त्यामुळे काहीच्या काही होऊन बसतो, हे सोळा वर्षांच्या पोरीला दिसलं होतं आणि मी तिला परातीतून बाजूला सारलं होतं.

दुसऱ्या डावाला ओहोटी उशिरा आली, पाचव्या फेरीला. माझा जीव भांड्यात पडला. त्या फेरीला ओहोटीचे दोन जाऊन तिच्याकडे तीन शक्ती उरल्या, पोरीचे सहा गुण गेले, चौदा राहिले. सहाव्या फेरीला सहा वेळा कुर्ली, बारा गुण गेले. दोन राहिले. सातव्या फेरीला आधी पोरीची पाळी. तिने सात शक्ती दिल्या आणि हत्ती टाकला. सोनेरी कडा चमकली. पुढच्या फेरीला डाव तिचा होता. पुढची फेरी आली नाही. बाईने एक कुर्ली टाकली, बळी दिली, आणि हात पुढे केला. "छान खेळलीस गो."

पोरीने हात मिळवला. "तुम्हीपण."

इथपर्यंत मी फक्त मूर्ख होते. पुढे जे केलं त्याला मूर्खपणा म्हणणं म्हणजे स्वतःचे लाड करणं.

दुकानदार म्हणाला, "काय आजी, यावेळी अंदाज फसला की हो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यातला एक बँकवाला तर गालात हसत होता, त्याला मी चार हत्ती घ्यायला लावले होते. आणि ती सहासष्ट वर्षांची पोर, खुर्ची सुटेल या भीतीने, मोठ्याने म्हणाली, "अंदाज नाय फसला. गड्डी बरोबर होती. हिचा हात कच्चा. दुसऱ्या फेरीला चकवा टाकायचा तर हिने भिंत टाकली."

चकव्याने काय होणार होतं? काही नाही. एकाही पत्त्याने काही होणार नव्हतं. हे मला तेव्हाही अर्धंमुर्धं कळत होतं.

नात पत्ते गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, माझं चुकलं."

वर आणखी एक आहे. रिक्षात बसल्यावर मी तोच शहाणपणा फोनवर बोलून ग्रुपवर टाकला. पोरगी शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. अकरावा ऑडिओ तो. परवा तो शेवटपर्यंत ऐकला, स्वतःला शिक्षा म्हणून. माझा आवाज, रिक्षाचा आवाज, मधे एकदा पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. बाकी तिचा श्वासही नाही.

एक तारखेला तिने पिशवी माळ्यावर ठेवली. त्याआधी सगळ्या पत्त्यांच्या मागच्या चिठ्ठ्या काढून रबर लावून मला दिल्या. "तुझ्या आहेत," म्हणाली. राग नाही, रडणं नाही. अकरावीची पुस्तकं आली, ती अभ्यासाला लागली. मला अंदाज मागणारे फोन आले, दोन-तीन आले, मग थांबले. मी दुकानात जायचं बंद केलं. लाज वाटली म्हणून नव्हे हो, कसली लाज! खुर्ची कोणी रिकामी करीना म्हणून.

जुलैत लांज्याला एका लग्नाला जायचं होतं. नात आणि मी एसटीने निघालो. हातखंब्याच्या पुढे कंडक्टर तिकिटं काढत मागे आली आणि बघते तर तीच. मी खिडकीबाहेर बघायला लागले. म्हटलं ओळख देऊ नये.

"आजी, अर्धं ना? ओळखलं नाहीत होय?"

"ओळखलं गो, ओळखलं. न ओळखून कसं चालेल?" मी पैसे दिले. मग राहवेना. "पुण्याला काय झालं?"

ती सीटला टेकून हसली. "काय व्हायचंय? पहिल्या दिवशीच गारद. तिकडे सगळ्यांकडे कुर्ल्या होत्या, आजी. आठवडाभरात सगळीकडे तेच झालेलं. आपल्या रत्नागिरीतच तेवढे हत्ती होते."

बसमध्ये आणखी कोणाला कळलं नसणार, पण माझे कान लाल झाले. बाईने नातीकडे पाहिलं.

"तुझ्या कुर्ल्या माझ्याकडे आहेत हां. घरी डब्यात ठेवल्यात. परत देईन म्हटलं भेटलीस की. मला वाईट वाटत होतं सारखं. मी त्या दिवशी तुला विचारलं, पण नीट नाय विचारलं." मग म्हणाली, "तुला माहीत नव्हती होय ही जोडी?"

पोरीने टेबलावर ते दोन पत्ते शेजारी शेजारी ठेवले होते तेव्हा ही बाई गर्दीच्या मागे होती, बाप्यांच्या पाठी समोर. तिला हशा ऐकू आला असेल, पत्ते दिसले नसतील. आता पोरीने एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"नाही," नात म्हणाली. "मला नव्हतं सुचलं."

बाईने "असं" म्हणून तिकीट फाडलं आणि पुढे गेली.

लांज्याला उतरलो. स्टँडवर चिखल होता. मी साडी वर धरून उभी, ती माझी पिशवी घेऊन पुढे. मी म्हटलं, "थांब जरा." ती थांबली. मी म्हटलं, "तिला खोटं का सांगितलंस? तुला दिसलं होतं. सगळ्यात आधी तुला दिसलं होतं. सांगायचं होतंस, आजीने हसून घालवलं म्हणून."

ती चिखलातून वाट शोधत एक पाय उचलून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आजी, त्या दिवशी तू हसलीस ना, तेव्हा मीपण हसले गो. मला दिसत होतं, तरी हसले. मग आता कुठल्या तोंडाने सांगू?"